एकादशीची भरती

साडूभाऊंनी पक्षी बघायला दिवस निवडला तो कार्तिकी एकादशीचा आणि गाव अलिबागजवळचं आक्षी. भरतीची वेळ सांगणारं अ‍ॅप त्यांच्या मोबाइलमध्ये होतं. पण ते उघडेपर्यंत किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या कोळीदादांनी मान वर न करता निकाल दिला, "एकादशी ना? अकराची पाऊणपट. सव्वाआठ." तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती, हे कोकणचं जुनं गणित. त्याला रेंज लागत नाही.

भरतीचा फायदा असा, की दूरवर पांगलेले पक्षी पाण्यामुळे रेटले जाऊन जवळ येतात. तोटा असा, की पाणीही जवळ येतं. वाळूवर पालथे पडून, तोफेएवढी लेन्स रोखून साडूभाऊ एका मूठभर चिखल्याला टिपत होते. हा तिबेटाकडच्या पठारांवर अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून थंडीला आपल्याकडे येतो. 'लेसर सँड प्लोव्हर' हे त्याचं नाव साडूभाऊंनी मोठ्या कष्टाने पाठ केलं होतं. 2023 साली तज्ज्ञांनी त्याचे दोन पक्षी केले आणि आपल्या वाट्याचा 'तिबेटन' ठरवला. साडूभाऊंना हा वैयक्तिक अपमान वाटतो.

पलीकडे कालवफोड्या उभा होता. काळा-पांढरा अंगरखा, गाजरी रंगाची लांब चोच. सुरीसारखी चोच शिंपल्यात घालायची, आतला स्नायू कापायचा की झाकण उघडं. कार्तिकी एकादशीला भल्या सकाळी हा तिसऱ्या हाणतोय आणि आपण राजगिऱ्याचा लाडू चघळतोय, हे साडूभाऊंच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्या दुःखात लाट दिसली नाही. लेन्स वाचली, बाकी साडूभाऊ भिजले.

उन्हं तापल्यावर मोर्चा नागावच्या वाडीत वळला. फुलपाखरांचं बरं असतं, अंग तापल्याशिवाय ती कामाला लागत नाहीत. आम्हाला हवी होती राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. जास्वंदी झाल्या, लिंबाची झाडं झाली. साडूभाऊ बुटांत पच् पच् करत पोफळींमधून हिंडले. शेवटी त्यांनी मोजे काढून कुंपणावर वाळत घातले आणि साबुदाण्याच्या खिचडीला बसले.

तेवढ्यात तो आला. तळहाताएवढा, काळ्या मखमलीवर निळाई, आणि थेट उजव्या मोज्यावर उतरला. नर फुलपाखरांना क्षार हवे असतात. ते चिखलातून, शेणातून शोषतात आणि मीलनात मादीला आहेर म्हणून देतात. इथे अरबी समुद्राचं मीठ आणि साडूभाऊंचा घाम असा दुहेरी बेत होता.

"मोजा फोटोत येतोय हो! काढा तो!" साडूभाऊ कुजबुजले. मी हळूच मोजा ओढला. राज्य फुलपाखरू उडालं आणि डाव्या मोज्यावर बसलं.

खिचडी वाढणाऱ्या आजी म्हणाल्या, "राहू द्या की. त्याचा उपास नाही."