समाधान शंभर टक्के

थंड हवेच्या ठिकाणच्या एका तारांकित हॉटेलच्या व्यवस्थापनाचं त्रिवार अभिनंदन! त्यांची ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी 7 ते 11 नाश्ता, रात्री 7 ते 12 जेवण आणि मधले 8 तास कुटुंबासाठी. कुटुंब बिहारात असतं, हा व्यवस्थापनाचा दोष नव्हे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला कामाचे 9 तास होते. बेरीज चोख 9 भरते. सुरुवातीपासून सुटीपर्यंत सगळं साडेदहा तासांत आटपावं, असंही त्यात होतं, पण त्या पानावर बहुधा सांबार सांडलं असावं.

मॅनेजरसाहेब पारदर्शक. शिव्यासुद्धा सर्वांसमक्षच देतात.

परवा ‘कामात मन रमतं का?’ अशी पाहणी झाली. गोपनीय फॉर्म, नावासह, साहेबांच्या केबिनमध्ये. सगळे समाधानी निघाले. एकजण नव्हता, तो आता कर्मचारीही नाही.