पोच

तहसील कचेरीच्या आवारात, मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलाशेजारी, लिंबाच्या सावलीला एक गृहस्थ हमखास बसलेले असतात. आमच्याकडे त्यांना आबा म्हणतात. तुमच्याकडे अण्णा असतील, तात्या असतील. काखेतली रेक्झिनची पिशवी तीच. हे वकील नव्हेत, दलाल तर नव्हेतच. चहापलीकडे कुणाचं काही घेत नाहीत. सरकारी दप्तरातली चूक दिसली, की डोळे उघडलेलं सीताफळ सापडावं तसे हरखतात, एवढंच.

हा नाद लागला सातबारा संगणकावर चढला तेव्हा. आबांचं एक हेक्टर वीस आर रान एका रात्रीत बारा आर झालं. विहीर मात्र तेवढीच राहिली. आठ महिने हेलपाटे घातल्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली, म्हणजे लेखनप्रमादाच्या कलमाखाली, रान परत मिळालं. पण दुरुस्तीच्या आदेशात वडिलांचं नाव चुकलं. दुसरा कुणी रडला असता. आबांनी त्याच टेबलावर नवा अर्ज लिहायला घेतला.

पुढं ग्रामपंचायतीच्या नमुना आठला त्यांचा गोठा आरसीसी इमारत म्हणून लागला. घरपट्टी वाढली. ‘दोन म्हशी स्लॅबखाली राहतात, त्यांनाच नोटीस बजवा,’ असं ते भर ग्रामसभेत बोलले. बोलले तेवढंच, अर्जात मात्र ‘नजरचुकीने नोंद झाली असावी’ असंच लिहिलं. हे त्यांचं शास्त्र. नजर त्यांची, चूक त्यांची, विनंती आपली.

जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा तर त्यांच्या खास मर्जीतला. त्यात मूळ नोंदीला हात लावायचा नसतो. समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख टाकायची. शेजारची धाकटी बहीण कागदोपत्री थोरल्या भावाहून चार महिन्यांनी मोठी निघाली, तेव्हा आबांनी ती समासातून धाकटी करून आणली. ‘चूक बी ऱ्हाती आन् दुरुस्ती बी,’ हे ते गाथेचा अर्थ सांगावा तशा सुरात सांगतात.

महिन्याचा तिसरा सोमवार म्हणजे तालुक्याचा लोकशाही दिन. त्या दिवशी आबा धुतलेली टोपी घालतात. श्रावणात दोन्ही योग जुळले, तर उपास धरून जातात.

अर्जाइतकाच त्यांचा जीव पोचेवर. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक उमटल्याशिवाय ते टेबल सोडत नाहीत. ‘अक्कल नसली तरी भागतं, पोच पायजे,’ हे त्यांचं वाक्य साऱ्या आवाराला पाठ आहे. यावर आबींचं म्हणणं वेगळं: ‘ह्यांच्याकडं समद्या हापिसांची पोच हाय. घरातली तेवढी न्हाय.’

गेल्या महिन्यात आमच्या घराच्या उताऱ्यावर आईचं नाव लागलं. ‘यशोदा’ची ‘यशोधर’ झाली होती. मी चिडून आबांकडं गेलो. त्यांनी उतारा उन्हाला धरला, दोनदा वाचला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘लई झ्याक चूक हाय.’

मजकूर त्यांनी सांगितला, चहा मी पाजला. अर्ज देऊन आलोय. काम व्हायचंय, पोच आहे.