जाताना बारा, येताना चाळीस

श्रावणातल्या एका सोमवारी मी बेळगुंदीहून बेळगावला सायकलने कामावर गेलो. घरी सांगितलं, तब्येतीसाठी. खरं म्हणजे स्कूटरचा इन्शुरन्स संपला होता आणि गणेशपूरजवळ पोलीस उभे असतात, असं कानावर आलं होतं.

सायकल पुतणीची. कर्नाटक सरकारने 2006-07पासून आठवीच्या पोरांना सायकली वाटल्या, त्यातली. पुतणी आता डिग्रीला आहे, सायकल मात्र आठवीतच राहिली. सीट गंजून बसलेली, वर सरकेना. त्यामुळे दर पायडलला माझा गुडघा हँडलची विचारपूस करून यायचा.

तरीही बारा-तेरा किलोमीटर कसे सरले कळलं नाही. बेनकनहळ्ळी तर अंगावर चालून आल्यासारखी आली. ऑफिसात पोचलो तेव्हा धापसुद्धा नव्हती. मग दिवसभर व्याख्यान दिलं. लोक आळशी झालेत. आमचे बाबा दुधाचे दोन कॅन लावून रोज याच रस्त्याने जायचे. अंतर असतं ते मनात!

"वारं पश्चिमेचं आहे ओ," शेजारच्या टेबलावरचे जोशीकाका म्हणाले. (जोशी हे टोपणनाव, ते ज्योतिष सांगतात.) मी हसलो.

संध्याकाळी गणेशपूर सोडलं आणि ते वारं समोरून भेटलं. सकाळी मला ढकलत आणणारं तेच ते. त्यात फोनवरून आलेली यादी: साबुदाणा, डझनभर केळी, तीन नारळ. पिशवी हँडलला. वर रेनकोट. तो असा फुगला की होडीचं शीड परवडलं. शीड निदान होडीला पुढे तरी नेतं.

हॉलंडात 2013 साली चक्क उलट्या वाऱ्यात सायकल चालवायची स्पर्धा सुरू झाली. समुद्राच्या बांधावर, बिनगिअरच्या साध्या सायकलीवर, साडेआठ किलोमीटर. साडेआठच! तिथल्या स्पर्धकांच्या गुडघ्याला नारळ लागत नसणार. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, हे मी शाळेत पाठ केलं होतं. समजलं त्या दिवशी, भाताच्या शेतांमधल्या रस्त्यावर, वेग जवळजवळ शून्य असताना.

मागून शाळेच्या दोन पोरी आल्या. दप्तरं पाठीवर, गप्पा चालू. एकीने वळून विचारलं, "काका, चेन पडली काय?"

चेन जागेवर होती. मी "होय" म्हणालो आणि उतरून चेनकडे बघत बसलो, त्या दिसेनाशा होईपर्यंत.

शेवटी भाजी टाकून परतणारा एक रिकामा टेम्पो थांबला. माणसाचे वीस, सायकलीचे तीस. घासाघीस करायलासुद्धा श्वास उरला नव्हता. केळ्यांचं शिकरण टेम्पोतच तयार झालं, फक्त साखर घालायची बाकी होती.

रात्री बाबांचे पाय धरावेत असं वाटलं. म्हटलं, "एवढ्या वाऱ्यात तुम्ही रोज कसं यायचात हो?"

"पावसाळ्यात?" बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "पावसाळ्यात येताना कोण सायकल मारतंय? एस्टीच्या टपावर टाकायचो की."

मंगळवारी सकाळी इन्शुरन्स भरला.