नव्वद टक्के झालं!

घरी विमान बांधणारा माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. शिकागोहून मुंबईला निघालेल्या विमानात चढताना बाकीचे लोक बोर्डिंग पासकडे नाहीतर आपल्या बॅगेकडे बघत असतात. हा मात्र दाराच्या बाजूच्या पत्र्यावरून हळूच तळवा फिरवतो. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची रांग नजरेनं तपासतो, एखाद्यापाशी थबकतो आणि "हं" म्हणतो. मागं माणसं खोळंबलेली असतात. त्या "हं"चा अर्थ त्यांना कळत नाही हे बरंच आहे, कारण तो बहुधा "आमची रांग याहून सरळ आलीय" असा असतो.

आमचे नाना या जातीचे. मूळचे सांगलीचे, राहायला शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि गॅरेजमध्ये आरव्ही-सात जातीचं दोन माणसांचं विमान. ऑरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्टकडून त्याचे सुटे भाग लाकडी खोक्यांतून येतात, जोडायचे आपण. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन नावाच्या गृहस्थांनी ही कंपनी 1973 साली काढली आणि लोकांनी घरी बांधलेली दहा हजारांहून जास्त आरव्ही विमानं आजवर उडाली आहेत, ही माहिती नाना ओळख झाल्यावर पाच मिनिटांत देतात. नंतर म्हणतात, "म्हणजे मी वेडा असेन, पण एकटा नाही."

या विमानाचा संसार शेपटीपासून सुरू होतो. किट हप्त्याहप्त्यानं विकत मिळतं: आधी शेपटी, मग पंख, मग धड, मग बाकीचं. ही सोय ज्यानं काढली त्याला नवराबायकोच्या नात्याची चांगली जाण असली पाहिजे. शेपटीची किंमत अशी की सुट्टीत हवाईला गेलो नाही तर भागते. नानांनी वहिनींना तेवढीच सांगितली. इंजिनाचा विषय बरीच वर्षं निघाला नाही. निघाला तेव्हा नानांनी आकडा इंग्रजीत आणि फार भरभर सांगितला. पण वहिनी अकाउंटंट आहेत. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे पंख्यासकट का?" पंखा, म्हणजे प्रॉपेलर, वेगळा होता.

अमेरिकेत असं विमान 'हौशी बांधणीचं' म्हणून मंजूर व्हायचं तर निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानं केलेलं असावं लागतं, आणि तेही स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी. मंडळी याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. नाना तो स्वयंपाकघरातही लावतात. कांदा चिरून दिला की, "भाजी एक्कावन्न टक्के माझी." वहिनींचं उत्तर ठरलेलं, "फोडणीचं इन्स्पेक्शन व्हायचंय अजून."

काम आपणच केलं याचा पुरावा लागतो म्हणून नाना प्रत्येक पायरीचे फोटो काढतात, आणि त्यांत स्वतः असतात. त्यामुळे त्यांच्या घरचा आल्बम चाळणं हा एक अनुभव आहे. मुलीचं पदवीदान, नाना आणि शेपटीचं रडर. गणपती, नाना आणि डावी इंधनटाकी. मुलीचा साखरपुडा, नाना आणि तीच टाकी, कारण ती गळत होती.

टाकीवरून आठवलं. टाकीचे सांधे बुजवायला प्रो-सील नावाचा एक काळा चिकट लगदा असतो. दहाला एक या वजनी प्रमाणात कालवायचा, म्हणून वहिनींचा केकचा काटा गॅरेजमध्ये गेला तो गेलाच. या लगद्याला वास असा की वहिनींनी हिंगाची डबी तीनदा धुतली. उरलेला लगदा लवकर आळू नये म्हणून फ्रीझरमध्ये ठेवतात. नानांच्या फ्रीझरमध्ये डावीकडे ओलं खोबरं, उजवीकडे प्रो-सील, आणि मध्ये वहिनींच्या हस्ताक्षरात चिठ्ठी: 'ही चटणी नाही.'

इलिनॉयच्या जानेवारीत पारा शून्याच्या खूप खाली जातो. तेव्हा नानांची गाडी बाहेर बर्फात आणि पंख आत हीटरशेजारी. सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना आम्ही त्यांना विचारावं तर म्हणतात, "गाडीला काय थंडी वाजते होय? प्रायमरला वाजते." हा प्रायमर म्हणजे पत्रा गंजू नये म्हणून आतून मारायचा रंग. तो मारावा की नाही यावर या लोकांत इतके वाद आहेत की आपल्याकडचं शाकाहार-मांसाहार प्रकरण त्यापुढे सौम्य वाटावं. नाना कडवे प्रायमरवाले.

या माणसांचं सगळ्यांत धोकादायक वाक्य म्हणजे "जरा हात लावायला येतोस का? पाच मिनिटांचं काम आहे." मी पूर्वी जात असे. गेल्यावर कळतं की हात लावायची जागा धडाच्या शेपटाकडच्या निमुळत्या भागात आहे, आणि तिथं फक्त आडवं होऊन सरपटत जाता येतं. पोटाशी गुडघे घेऊन मी आत पडलेला, कानात बोळे, हातात बकिंग बार म्हणजे पोलादाचा ठोकळा. बाहेर नाना कंप्रेसरवर चालणारी रिव्हेट गन घेऊन. ते बाहेरून धडधडवणार, मी आतून ठोकळा दाबून धरायचा, आणि दोघांच्या मध्ये बिचाऱ्या रिव्हेटनं चेपून पसरायचं. ते चेपलेलं टोक व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतकं उंच झालं पाहिजे. जास्त नको, कमी नको. मग नाना टॉर्च आत घालून मोजपट्टी लावून बघतात. एकदा त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "वाईट नाही रे." मी सुखावलो. पुढं म्हणाले, "पण काढू या."

चुकलेला रिव्हेट ड्रिलनं पोखरून काढावा लागतो, आणि नीट पोखरला नाही तर भोक मोठं होतं. मग मोठ्या मापाचा रिव्हेट, नाहीतर नवा पत्रा, म्हणजे ऑरेगनला फोन. अशी हजारो भोकं. प्रत्येक भोकाच्या कडेची कच घासून काढायची, त्याला खळगी पाडायची, आणि कायमचं ठोकेपर्यंत पत्रे जागेवर धरायला क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या खुंट्या लावायच्या. रुपेरी क्लेको लहान भोकाचे, तांब्याच्या रंगाचे त्याहून मोठ्या भोकाचे. वहिनी वॉशिंग मशीनमधून क्लेको काढून खिडकीत रांगेनं लावून ठेवतात, रंगवारीनं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नानांना तीन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "गॅरेजातून बाहेर कसं काढणार?" (पंख वेगळे नेऊन विमानतळावर लावायचे, लावल्यावर टोकापासून टोकापर्यंत पंचवीस फूट.) दुसरा, "पॅराशूट असतं का?" तिसरा, "कितपत झालं?" तिसऱ्याला नानांचं एकच उत्तर, "नव्वद टक्के झालं. आता नव्वद टक्के राहिलंय." हा विनोद नानांचा नव्हे, साऱ्या जमातीचा आहे. मात्र नाना तो करताना हसत नाहीत.

"हे आपल्या लोकांचं काम नव्हे" असं कुणी म्हणालं तर खैर नाही. मग कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण निघतं. त्यांनी तर किटही न घेता कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि 2016 साली मुंबईतल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात मांडलं. "गच्चीवर!" नाना दोनदा म्हणतात. "आणि मला गॅरेजमध्ये हीटर आहे." त्यांचा आवाज इथं जरा बदलतो. आपल्याला फारच सोयी मिळाल्या याची या माणसाला मनापासून लाज वाटते.

जुलैच्या शेवटी विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशची वारी असते. पॉल पोबेरेझनी यांनी 1953 साली हौशी विमानकारांची संघटना स्थापन केली. तिचा मेळा आधी आमच्याच इलिनॉयमधल्या रॉकफर्डला भरायचा. 1970 पासून ऑशकॉशला भरतो. हजारो विमानं उतरतात आणि माणसं पंखाखाली तंबू ठोकतात. नाना तिथं मोटारीनं जातात आणि परक्या विमानांच्या पोटाखाली उताणे पडतात. पंखांच्या रांगांतून जोडप्यांची वाक्यं कानावर येतात. भाषा, देश, वय वेगळं, पण बायको म्हणते ते तेच: "आता पुढं चला."

कॉकपिटवरचा पारदर्शक प्लास्टिकचा घुमट कापायचा दिवस आला तेव्हा नाना आठवडाभर गप्प होते. थंडीत ते प्लास्टिक तडकतं, म्हणून कडक ऊन बघून कापायचं. त्यांनी हवामान बघितलं, वहिनींनी पंचांग. दोघांचं एका दिवसावर जमलं आणि घुमट शाबूत राहिला. श्रेय वाटून घेतलं. किती टक्के ते मी विचारलं नाही. त्या दसऱ्याला रिव्हेट गनला झेंडूचा हार होता आणि कंप्रेसरला कुंकू.

शेवटी इन्स्पेक्टर आला, त्यानं कागद दिले आणि विमान उडालं. मी कुंपणाशी वहिनींबरोबर उभा होतो. नानांनी विमानतळाभोवती चकरा मारल्या, उतरले, घुमट उघडला. आम्ही धावलो. पहिलं वाक्य काय, तर "डावा पंख जरा जड आहे." वहिनी म्हणाल्या, "उतरलात ना, मग राहू दे जड."

चाचणीचे ठरलेले तास पुरे होईपर्यंत पाहुणा बसवता येत नाही. ते झाल्यावर वहिनी बसल्या. समोर नियमाप्रमाणं पाटी होती, की हे विमान हौशी बांधणीचं असून नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे नियम पाळत नाही. वहिनींनी ती पूर्ण वाचली, नानांकडं बघितलं, पट्टा ओढून घट्ट केला आणि म्हणाल्या, "आपल्या लग्नाच्या मांडवातच लावायला हवी होती." दोघं विस्कॉन्सिनला जाऊन ऑम्लेट खाऊन आले.

त्यानंतर विमान हँगरमध्ये आणि नाना घरी. चार वेळा उडाले असतील. संध्याकाळी रिकाम्या गॅरेजमध्ये उभे राहायचे, ड्रॉवर उघडून क्लेको मोजायचे. गाडी आत आली होती, तिच्याकडं उपऱ्यासारखं बघायचे. मग परवा त्यांच्या दारात एक लांबट लाकडी खोकं दिसलं. आरव्ही-दहा. चार आसनी.

"फक्त शेपटी आणलीय," नाना मला म्हणाले. "चौघं जाऊ की रे ऑशकॉशला. तुम्ही दोघं मागं."

वहिनी चहा घेऊन आल्या. खोक्याकडं त्यांनी बघितलं नाही. कप माझ्या हातात देत गोड आवाजात म्हणाल्या, "भावोजी, तुमचं गॅरेज किती फूट आहे हो?"