लघवीची गोळी आणि कसारा लोकल

कसाऱ्याहून सीएसएमटीपर्यंत लोकलने सुमारे अडीच तास लागतात आणि लोकलच्या डब्यात संडास नसतो. हृदयाच्या औषधांबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. ज्याचं हृदय कमजोर झालंय, पायावर सूज चढते, त्याला सकाळी घ्यायला फ्युरोसेमाइडची, म्हणजे लघवीची, गोळी दिलेली असते. ती तासाभरात कामाला लागते आणि पुढचे पाच-सहा तास माणसाला सारखं उठवते. मग पहाटेची गाडी धरणारा काय करणार? गोळी डबीतच ठेवणार. बाईमाणूस तर नक्कीच ठेवणार.

आता पुढचं बघा. ठाण्याला किंवा मुंबईला मोठ्या रुग्णालयात दाखवायचं असतं, तो दिवस प्रवासाचा. म्हणजे नेमकी त्याच दिवशी गोळी बुडते. डॉक्टरांना दिसते चढलेली सूज, वाढलेलं बीपी. ते डोस वाढवतात. औषध पोटात गेलेलंच नाही, हे विचारायला ओपीडीत कुणाला सवड नसते आणि परक्यापुढे लघवीचं बोलायची पेशंटला लाज वाटते. यात दोष मी विचारणाऱ्याला देईन. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात. ‘गाडीने येताना कोणती गोळी घेत नाही?’ असं विचारा, खरं उत्तर मिळेल. प्रवासाच्या दिवशी ही गोळी घरी परतल्यावर दुपारी घेतली तरी पुष्कळांचं भागतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं, पण त्यासाठी आधी गाडीची वेळ तर त्यांना कळायला हवी!

उन्हाळ्यात हीच गोळी उलटा त्रास देते. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं कसाऱ्याच्याच शहापूर तालुक्यात, आणि मे महिन्यात टँकरची वाट बघणारे पाडेही याच तालुक्यात. डोक्यावर हंडे वाहणारी बाई घाम गाळते, पाणी पुरवून पुरवून पिते आणि वर बीपीची व लघवीची गोळी घेते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, गोळी उष्ण पडली. गोळी उष्ण पडलेली नसते, अंगातलं पाणी कमी पडलेलं असतं. त्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर मूत्रपिंडावर बेतू शकतं. अशा वेळी या गोळ्या चालू ठेवायच्या की दोन दिवस थांबवायच्या, हे त्याच दिवशी विचारायला हवं.

सरकारी आरोग्य केंद्रात बीपीसाठी सहसा ॲम्लोडिपिन मिळतं. चांगलं, स्वस्त औषध. काहींच्या घोट्यांवर त्याने सूज येते. ही सूज केशवाहिन्यांतून पाझरलेल्या पाण्याची असते. अंगात पाणी साठल्याची नसते. म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. तरीही सूज दिसली की लघवीची गोळी लिहिली जाते. एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी, मग दुसरीने पोटॅशियम उतरलं म्हणून तिसरी. हे थांबलं पाहिजे. डोस कमी करणं किंवा औषध बदलणं हा सरळ रस्ता आहे.

एनालाप्रिल, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी दहातल्या एखाद्याला कोरडा खोकला लागतो. (या जातीची औषधं ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाली. पहिलं, कॅप्टोप्रिल, अमेरिकेत 1981 साली मान्य झालं. फुरसं आणि घोणस ओळखणाऱ्या आपल्या भागाला हे सांगायलाच हवं.) आपल्याकडे खोकला म्हणजे क्षय. थुंकी जरूर तपासा, पण गोळीचं पाकीटही बघा. टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनवर बदललं की काही आठवड्यांत खोकला जातो.

लघवीच्या दुसऱ्या एका गोळीने, स्पायरोनोलॅक्टोनने, काही पुरुषांची छाती दुखते, सुजते. हे पुरुष कुणालाही सांगत नाहीत, बायकोलाही नाही. गुपचूप गोळी सोडतात. गोळी देतानाच एक वाक्य बोललं असतं तर?

‘सांगितलं की लोक घाबरतात,’ असं काही डॉक्टर म्हणतात. त्यात तथ्य आहे. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजच्या संशोधकांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सोडलेल्या 60 जणांवर प्रयोग केला. 2020 साली तो प्रसिद्ध झाला. स्टॅटिनने जेवढा त्रास जाणवला, त्याच्या 90 टक्के त्रास नुसत्या खोट्या गोळीनेही जाणवला. वीटभट्टीवर राबणाऱ्याचं अंग दुखतं ते बहुतेक वेळा भट्टीमुळे, कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे नाही. पण म्हणून गप्प बसायचं? शेजारी, मेहुणा, लोकलमधला सोबती सगळे सांगणारच आहेत, आणि तेही अर्धवट. डॉक्टरांनी सांगितलं तर ‘असं झालं तर काय करायचं’ हेही कळतं. स्नायू फार दुखले आणि लघवी चहासारखी काळपट झाली तर लगेच या, एवढं सांगायला किती वेळ लागतो?

गोळी मनाने सोडण्याची किंमत फार मोठी असते. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही बीपीची व हृदयाची औषधं एकाएकी बंद केली तर नाडी उसळते, छातीत दुखू लागतं, झटकासुद्धा येऊ शकतो. स्टेंट बसवल्यावर गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने थांबवलं तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायला गेलात तरी गोळी बंद करण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी! चिखलात दिवसभर वाकून कंबर मोडते, मग दुखण्याची गोळी नाहीतर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. बीपीच्या पेशंटचं बीपी त्याने वाढतं, हृदय कमजोर असेल तर अंगात पाणी साठतं. रामिप्रिल आणि लघवीची गोळी चालू असताना वर दुखण्याचं औषध, हे तिन्ही मिळून मूत्रपिंडाचा घात करू शकतात. हृदयाची झडप बदललेल्या, रक्त पातळ करणारं ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन घेणाऱ्या माणसाला तर दुखण्याच्या औषधाने रक्तस्राव होऊ शकतो. याच माणसाला पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, माठ अशा पालेभाज्या रोज पोटभर मिळतात. त्यांतलं के जीवनसत्त्व रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा जोर कमी करतं. भाज्या सोडायला सांगू नका, त्यातल्या रानभाज्या वर्षातून एकदाच मिळतात. खाणं फार वरखाली होऊ न देता रक्ताची आयएनआर तपासणी त्या दिवसांत लवकर करायला सांगा.

हे सगळं केसपेपरवर मराठीत दोन ओळींत लिहिता येतं. ते डॉक्टरांनी लिहावं, ही पहिली मागणी. दुसरी मागणी औषधाच्या दुकानदारांकडे: चार गोळ्या कापून देताना नाव असलेला तुकडा पेशंटच्या हाती द्या, नाहीतर पुडीवर पेनाने नाव लिहा. ‘पांढरी, गोल, सकाळची’ एवढ्या वर्णनावरून कुणालाच काही कळत नाही. कसारा घाटात छातीत दुखायला लागलं आणि गाडी इगतपुरीला किंवा शहापूरला नेली, तर तिथल्या अनोळखी डॉक्टरला पहिल्याच मिनिटाला समजलं पाहिजे की या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.