वाघ नाही म्हणून गाडी वळवू नका

सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडले की हिंगोलीपासून औंढ्यापर्यंतची माणसं गाड्या काढतात. काढाव्यात. पूर्णेचं ते पाणी बघण्यासारखंच असतं. पण याच माणसांना एकदा सांगून बघा, 'चला, कारंज्याचं काळवीट अभयारण्य बघून येऊ.' पहिला प्रश्न ठरलेला, 'तिथं वाघ आहे का?' नाही म्हटलं की बेत मोडला.

कारंजा लाडला गुरुमंदिराच्या दर्शनाला जाणारी घरं आपल्याकडे थोडी नाहीत. त्याच तालुक्यात 2000 साली जाहीर झालेलं कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, 18.32 चौरस किलोमीटरचं. दर्शन होतं, जेवण होतं, गाडी परत वाशीमच्या रस्त्याला लागते. जे थोडे आत जातात, त्यांतले निम्मे काचा वर करून एक चक्कर मारतात आणि 'नुसतं गवत आहे' म्हणत बाहेर पडतात.

नुसतं गवत? जिथं उतरू देतात तिथं खाली उतरा, वनरक्षकाला सोबत घ्या आणि पायाखाली बघा. एकाच जागी लेंड्यांचा ढीग दिसेल, खाली जुन्या वाळलेल्या, वर ताज्या. काळविटाच्या नराने आखलेली ही हद्द. तो रोज तिथंच येतो आणि दुसऱ्या नराला त्यातून कळायचं ते कळतं. डोळ्यापुढच्या ग्रंथीचा चिकट स्रावही तो काडीला, झुडपाला पुसून ठेवतो. थोडं पुढे टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर तिथंच थांबा. तिची अंडी उघड्या मुरमावर असतात आणि खड्यांत खडे दिसतात. तुमचं पुढचं पाऊल त्यांच्यावरच पडायचं. चंडोल, तित्तर, हिवाळ्यात येणारे भोवत्या ससाणे, खोकड, लांडगा, सगळे याच उघड्या रानाचे. काळवीट पळून जीव वाचवतो. त्याला पळायला मोकळं रान लागतं, दाट झाडी नको.

आणि आपण काय करतो? मोकळं रान दिसलं की खड्डे घेतो. 2019 साली राज्याने 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. एवढे खड्डे घ्यायचे तर सोपी जागा कोणती? माळ. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशात देशाची सुमारे 17 टक्के जमीन आहे. झुडपी माळ आणि उजाड झालेली कुरणंही त्यात धरलेली. एकदा पडीक ठरलं की तिथं गिरिपुष्प लावा, सौर पॅनेल लावा, कोणी विचारत नाही.

सोलापूरकडे हे होऊन गेलंय. 1979 साली माळढोकासाठी 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात अख्खी गावं, शेतं आली आणि जमिनीच्या व्यवहारांत अडकलेली माणसं पक्ष्यावरच चिडली. शेवटी ते 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. दरम्यान त्यातल्याच नान्नजच्या माळावर झाडं लावून झाली होती. जमिनीवर एकच अंडं घालणारा, दूरवर नजर ठेवून जगणारा पक्षी झाडांच्या रांगेत काय करणार? आज तिथं माळढोक दिसणं हीच बातमी होते.

आपल्याकडचा शेतकरी हरणांवर आणि रोह्यांवर चिडतो, ते मला पटतं. हरभऱ्याचे शेंडे एका रात्रीत खुडले जातात, थंडीत माळ्यावर जागून काढलेल्या रात्रीची भरपाई कोणी देत नाही. पण गायरान मोडून त्यावर नांगर फिरवला तो काही हरणांनी नाही. कुरण राहिलं असतं तर कळप तिथंच चरले असते. सगळे नसते राहिले, हेही खरं. पण आज त्यांना शेताशिवाय जागाच उरलेली नाही. लाल कंधारी जनावरं घेऊन फिरणाऱ्या गुराख्याला आणि मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरालाही नाही.

म्हणून सिद्धेश्वर, यलदरी धरणांच्या आसपासच्या ग्रामपंचायतींना माझं रोखठोक सांगणं आहे. येत्या पावसाळ्यात गायरानावर खड्डे खणण्याचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत उभं राहून नको म्हणा. झाडं लावायला बांध आहेत, ओढ्याचे काठ आहेत, शाळेचं आवार आहे. माळावर पवन्या आणि मारवेलचं बी टाका, एका वेळी एक तुकडा चराईला बंद ठेवा आणि तिथलं वाढलेलं गवत कापून गावात वाटून घ्या. उन्हाळ्यात माळ पेटवणाऱ्याला नाव घेऊन अडवा. आणि त्याआधी चार पोरं गाडीत घालून दिवाळीनंतर कारंज्याला न्या. जाताना लांब पँट घालायला सांगा, कुसळं फार टोचतात.