तूर्तासराव

त्यांचं खरं नाव मतदारयादीत आहे. बाकी रायपूरच्या सगळ्या भनपुरीत ते तूर्तासराव. बाजूच्याच उरल्यातल्या एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले. नोकरीभर एक वॉशर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आजही एक शिंक आली तर डॉक्टर, स्कूटर जरा कुरकुरली तर मेकॅनिक. भिंतीला भेग पडली की मात्र त्यांच्यातला ऋषी जागा होतो. "तूर्तास राहू द्या. मी पाहून राहिलो ना!"

यात खोटं काही नाही. ते खरोखरच पाहत असतात. चहाचा कप घेऊन, चष्मा लावून, रोज.

छत्तीसगडच्या शेतकऱ्यानं जमिनीच्या जाती नावानिशी ओळखल्या आहेत: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. तूर्तासरावांचा प्लॉट कन्हारीवर. ही काळी, चिकण माती धान-हरभऱ्याला उत्तम. घराला मात्र स्वस्थ बसू देत नाही. पाणी प्यायली की फुगते, मे महिन्यात आकसते. घर त्याबरोबर वरखाली होतं, पण चारही कोपरे एकदम नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते आणि न्हाणीघराचं दार चौकटीत अडकतं.

अशा मातीसाठी रुडकीच्या सीबीआरआय या इमारत-संशोधन संस्थेनं तळाशी फुगीर असलेले, खोल जाणारे अंडर-रीम्ड पाइल कधीच सुचवून ठेवले आहेत. 2003 साली घर बांधताना ठेकेदारानं ते सांगितलंही होतं. तूर्तासरावांचं उत्तर काय होतं, ते त्यांच्या नावात आलंच आहे.

या मातीची खोडी अशी, की पावसाळ्यात ती फुगते आणि भेग बरीचशी मिटते. तूर्तासराव ऑगस्टमध्ये विजयी मुद्रेनं भिंतीवरून हात फिरवतात. "पाहा, गुण आला! उगाच मिस्त्री आणला असता तर त्यानं पैसे घेतले असते." दिवाळीला पुट्टी आणि डिस्टेंपर. एप्रिलमध्ये तीच भेग पुट्टी फोडून बाहेर येते, वीतभर लांब होऊन. "उन्हाळा आहे. माणसाला ऊन लागतं, भिंतीला नाही लागणार?"

भेग वाढेल तशी भिंतीवरची सजावट वाढली. आधी कालनिर्णय. मग शिवाजी महाराजांची तसबीर. मग त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, भरतकाम, आणि आता तर सतरंजी टांगली आहे. पुण्याच्या मुलानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "बाबा, भिंतीवर सतरंजी?" तर म्हणाले, "राजस्थानी स्टाइल."

भेगेला कारण म्हणून त्यांनी आजवर बिलासपूर रोडचे ट्रक, कारखान्यांची धडधड आणि हावडा लाइनच्या मालगाड्या यांना दोषी ठरवलं आहे. एकदा तर 22 मे 1997 चा जबलपूरचा भूकंपही पकडून आणला. घर त्यानंतर सहा वर्षांनी बांधलं, हे काकूंनी दाखवून दिलं. "धक्का जमिनीत राहतो," ते म्हणाले, "सावकाश निघतो."

खरा आरोपी खिडकीत बसला होता. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उन्हाळाभर एकाच कोपऱ्यात पाणी गाळायचा. बाकी जमीन भेगाळलेली, हा कोपरा चिंब. वर गच्चीचा पाइपही तिथेच उघडा सुटलेला. शेवटी काकूंनीच मिस्त्री बोलावला. तो उकिडवा बसला, माती चिमटीत चोळली आणि म्हणाला, "बाबूजी, नेंव बइठत हे." म्हणजे पाया बसतोय. मग त्यानं उपाय सांगितला. कूलर हलवा, गच्चीचं पाणी नाल्यात सोडा, जोत्याभोवती बाहेर उतार देऊन सिमेंटचा पट्टा करा. आता चार पोत्यांत भागेल. पाया खचत गेला, तर खालून टप्प्याटप्प्यानं खड्डे खणून नवा आधार द्यावा लागेल, आणि मग पोती कोण मोजणार?

तूर्तासराव हसले. "इटलीत पिसाचा मनोरा शतकानुशतकं तिरपा उभा आहे!"

"तो 1990 साली बंद करावा लागला," काकू म्हणाल्या. "खालची माती काढून थोडा सरळ केला, तेव्हा 2001 मध्ये उघडला. आणि तो बघायला लोक तिकीट काढतात. आपली भेग पाहुणे चहा पिऊन फुकट बघून जातात."

तोडगा म्हणून मिस्त्रीनं भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली आणि शेजारी तारीख लिहिली. भिंत हलत असेल तर काच तडकेल. ही योजना तूर्तासरावांना फार आवडली, कारण तिच्यात पुन्हा पाहायचंच होतं. संध्याकाळी चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळात जाऊन त्यांनी "दुखणं वेळेत ओळखा" या विषयावर चौघांना तासभर बौद्धिक दिलं.

महिन्याभरात काच मधोमध तडकली. काकूंनी काही न बोलता कूलर उचलवला, पाइप वळवला, सिमेंट मागवलं. तूर्तासरावांनी काचेचा तुकडा उजेडात धरून बराच वेळ तपासला.

"निघालीच शेवटी हलकी काच!" ते म्हणाले. "मिस्त्रीला सांगा, तूर्तास जाड लाव."